मोशीच्या पुढचा बेडूक

रविवारची जेवणं उरकत आली होती. श्रद्धा एका हाताने सासऱ्यांच्या वाटीत ताक ओतत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत होती. मध्येच तिला हसू आलं.

“बाबा, तुम्ही लोक पूर्वी मोशीच्या पुढे राहायचात ना? मग हे तुम्ही नक्की पाहिलं असणार. इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणकडे निघालं की रस्त्याच्या कडेला म्हणे एक हिरवा बेडूक होता. चांगला खोलीएवढा! आणि त्याच्या तोंडात मुलांचं दुकान.”

भीमराज ओव्हाळांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. केसरबाई भाताचं पातेलं घेऊन आत निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. श्रद्धाचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. शहराच्या जुन्या आठवणी लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यावर मिनल नावाच्या कुणा मुलीने विचारलं होतं, ‘आमच्या लहानपणीचा बेडूक कुणाकुणाला आठवतोय?’ खाली तीनशे जणांनी लिहिलं होतं. कुणी तिथून आयुष्यातलं पहिलं शाईचं पेन घेतलं होतं. कुणी परीक्षेला जाताना बेडकाच्या नाकाला हात लावून जायचं. फोटो एकाकडेही नव्हता. दुकानाचं पुढे काय झालं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. रस्ता रुंद झाला, त्यात गेलं.

“श्रद्धा, ठेव तो फोन,” धम्मपाल म्हणाला. त्याचा आवाज एवढा कोरडा होता की तिने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

“वाचू दे तिला.” भीमराज पाणी प्यायले. पेला खाली ठेवून सुनेकडे वळले. “तो बेडूक मी केला होता. आणि तो रस्त्यात नाही गेला. मी माझ्या हाताने कापला.”

श्रद्धा अकोल्याची. लग्न होऊन तिला पाच वर्षं झाली होती. सासरे चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते, एवढंच तिला ठाऊक. सांगवीच्या या घरात बेडकाचा विषय तिच्यासमोर कधी निघाला नव्हता. तिच्यामागेही निघत नसे.

भीमराज मूळचे मावळातले, पण त्यांची उमेदीची सगळी वर्षं भोसरीत गेली, फायबरच्या कामात. जनरेटरवर बसवायची झाकणं, बसचे डॅशबोर्ड, पाण्याच्या टाक्या. साच्याला मेण चोळायचं, रंगीत जेलकोटचा हात द्यायचा, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची आणि ब्रशने चिकट रेझिन जिरवत न्यायचं. ती बारीक कुसळं अंगात अशी शिरत, की केसरबाई त्यांचे कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत कधी भिजवत नसत. दोन हजार सालात कंपनीला टाळं लागलं. कामगारांनी आवारात उरलंसुरलं सामान आपसांत वाटून घेतलं. भीमराजांच्या वाट्याला रेझिनची दोन पिंपं, मॅटच्या काही गुंडाळ्या आणि जनरेटरच्या झाकणांचा हिरवा जेलकोट आला.

तेव्हा हे कुटुंब मोशीच्या पुढे, हमरस्त्यापासून जरा आत, दोन खोल्यांत राहत होतं. रस्त्याच्या पलीकडे शाळा. अलीकडे अर्जुनरावांची जमीन. अर्जुनराव गावचे जुने शेतकरी, पागोटं गेलं तरी टोपी न सोडलेले. त्यांच्या बांधाच्या कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींची टपरी टाकावी असं भीमराजांनी ठरवलं.

“पत्र्याच्या टपऱ्या काय, पन्नास आहेत,” केसरबाई म्हणाल्या. “बघून पोरं थांबतील असं काहीतरी करा की. इतकी वर्षं लोकांचे साचे भरले, एक आपला भरा.”

पण रंग एकच होता, हिरवा. धम्मपाल दहा वर्षांचा होता. हिरवं म्हणजे पोपट नाहीतर बेडूक, असं त्याने सांगून टाकलं. पोपट उंच करावा लागला असता आणि वाऱ्याला टिकला नसता. बेडूक बसका, आणि त्याचं तोंड मोठं.

दोन महिने काम चाललं. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा गिलावा, तो घोटून घोटून गुळगुळीत केलेला. मग फायबर. भीमराज सकाळी सुरू करत ते अंधार पडेपर्यंत. येणारे जाणारे विचारत, “भाऊ, हे काय, टाकी का?” ते नुसते हसत. शेवटी आतला चिखल खरवडून काढला तेव्हा आठ फूट उंचीचा बेडूक रस्त्याकडे तोंड करून बसलेला होता. भंगारातल्या बसच्या हेडलाइटच्या काचा त्याचे डोळे झाल्या. जबडा उघडा. आतून ऑइलपेंटने लाल रंगवलेली जीभ बाहेर आलेली आणि त्या जिभेवर बरण्या मांडलेल्या. लिमलेटच्या गोळ्या, आवळासुपारी, खोडरबर, भोवरे. घशात वह्यांचे गठ्ठे. बाहेर पाटी लावायची गरज कधी पडली नाही. महिनाभरात कंपन्यांच्या बसमधले कामगारसुद्धा ड्रायव्हरला सांगू लागले, “राव, बेडकापाशी उतरवा.”

पोरांनी भीमराजांचं नाव बेडूककाका ठेवलं. ऐकायला बरं वाटायचं. वीस वर्षांत त्यांनी हजारो वस्तू केल्या होत्या. त्यांतली एकही पाहून कुणी कधी हसलं नव्हतं.

एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून घातला होता. रस्त्याला मध्ये दुभाजक नव्हता. चाकणच्या बाजाराला जाणारे कांद्याचे ट्रक, मोटारी लादलेले लांबलचक कंटेनर, शिफ्टच्या बस, कशालाच दम नसायचा. म्हणून पोरांनी पलीकडे, शाळेच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना भीमराज स्वतः लाल फडकं घेऊन रस्त्यात उतरत, दोन्हीकडची वाहनं थांबवत, पोरांची रांग अलीकडे आणत आणि तशीच परत पोचवत. गिऱ्हाईक कितीही असो, दुकान तेवढा वेळ केसरबाई बघत. सात वर्षं हे चाललं. सात वर्षांत एका पोराला खरचटलं नाही.

दोन हजार आठच्या जूनमध्ये रुपाली तिसरीत आली. तिचे वडील गणराज लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरकडचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तीन शिफ्टमध्ये राबणारे. आई विजयश्री घरी शिवणकाम करायची. शाळेच्या मागच्या चाळीत त्यांची भाड्याची खोली होती. रुपाली अंगाने बारीक आणि बोलण्यात भारी. “काका, तुमच्या बेडकाला शेपूट का नाही?” इथपासून तिची सुरुवात व्हायची. भीमराजांनी सांगितलं, की बेडकाचं पिल्लू असतं तेव्हा शेपूट असतं, मोठं झालं की गळून जातं. तिला ते खोटं वाटलं. बाईंना विचारून दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, “तुम्ही खरं बोलता काका.”

जुलैतल्या एका शुक्रवारी तिने एक पेन्सिल घेतली. आतलं शिसं मोडकं निघालं. टोक केलं की गळून पडे. शाळा सुटताना तिने ती रांगेतूनच वर धरून दाखवली. भीमराज लाल फडकं हलवत होते. म्हणाले, “उद्या घेऊन ये, बदलून देतो.”

शनिवारी सकाळची शाळा होती. गुरुजींची कसली तरी बैठक निघाली आणि पोरांना तासभर आधीच सोडलं. सगळी पोरं आपापल्या घरच्या वाटेला लागली. एकटी रुपाली रस्त्याच्या कडेला आली. केसरबाई घरी होत्या. पुढे जे झालं ते दोन मिनिटांत झालं. मोशीकडून येणाऱ्या टेम्पोखाली ती सापडली. टेम्पोवाला पळाला नाही. तो खाली उतरला आणि डोकं धरून तिथेच रस्त्यावर बसला. भीमराजांनी पोरीला उचललं, येणाऱ्या जीपमध्ये घातलं. दवाखान्याच्या आधीच ती गेली.

टेम्पोवाला सोडला तर पाहणारे एकटे भीमराज होते. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला. “मुलगी एकाएकी पळत रस्त्यात आली,” असं त्यांनी सांगितलं आणि ते तसं कागदावर उतरलं.

आठव्या दिवशी त्यांनी बेडकाला ग्राइंडर लावला.

अर्जुनराव काठी टेकत आले. रस्तारुंदीची मोजणी त्या उन्हाळ्यात होऊन गेली होती, बांधावर खुंट्या ठोकलेल्या होत्या. “अरं भीमा, खुंट्या ठोकल्यात म्हून लगीच रस्ता हुतोय व्हय? अजून दोन-तीन वर्सं काय हलत न्हाई. कशापायी तोडतुयास?”

“रस्त्यात येतंय, आबा.”

“अरं पर मी सांगतुया न्हवं...”

“रस्त्यात येतंय,” भीमराज पुन्हा म्हणाले आणि ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं.

पाच दिवस ते कापत होते. हिरवी भुकटी अंगभर बसायची. आधी डोळे काढले, मग डोकं, मग पाठ. तुकडे हातगाडीवर घालून अर्जुनरावांच्या जुन्या खाणीत टाकले आणि वर मुरूम लोटला. आबा रस्त्याचं कारण गावात सांगत राहिले, पुढे दोन वर्षांनी खरोखरच रस्ता आला, आणि लोकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एक झाल्या.

भीमराज वॉचमन झाले. ड्युटी मुद्दाम रात्रीची मागून घेतली, कारण शाळा भरताना आणि सुटताना त्यांना त्या रस्त्यावर उभं राहायचं होतं. दुकान नव्हतं, तरी लाल फडकं होतं. दिवसा मधल्या वेळात ते ग्रामपंचायतीत जाऊन बसत. त्यांचं मागणं एवढंच, की शाळेचं फाटक हमरस्त्यावर नको, मागच्या गल्लीत काढा. गल्लीपर्यंत वाट नाही, असं उत्तर यायचं. वाट शाळेमागच्या, अर्जुनरावांच्याच दुसऱ्या शेतातून काढावी लागणार होती. भीमराज आबांकडे किती वेळा गेले याला गणती नाही. शेवटी एक दिवस आबा वैतागून म्हणाले, “घे बाबा, धा फूट पट्टी घे, पर माझं डोकं खाऊ नगंस.” दोन हजार अकराच्या जूनमध्ये मागचं फाटक उघडलं आणि पुढचं कायमचं भिंत घालून बुजवलं. त्या दिवशी भीमराजांनी फडकं घडी घालून केसरबाईंकडे दिलं. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत केली आणि मग सांगवीला मुलाकडे राहायला आले.

हे एवढं सगळं श्रद्धाला त्या रविवारी कळलं. थोडं धम्मपालने सांगितलं, थोडं केसरबाईंनी. ताटं तशीच होती. उष्टे हात वाळून गेले होते.

“बाबा, तुमची यात काय चूक?” श्रद्धा म्हणाली. “उलट तुम्ही तर...”

“थांब.” भीमराजांनी तिला अडवलं. “यांनी सांगितलं ते यांना माहीत आहे तेवढं. बाकीचं यांनाही माहीत नाही.”

केसरबाई खाली बसल्या.

“बेडकाच्या खालच्या ओठाला चीर गेली होती,” भीमराज सांगू लागले. “शाळा सुटायला तासभर आहे, तेवढ्यात भरून घेऊ म्हटलं. वाडग्यातल्या रेझिनमध्ये हार्डनर टाकला. एकदा तो पडला की दहा-पंधरा मिनिटांत हाताशी दगड होतो. ब्रश लावतोय तोच पलीकडे रुपाली दिसली. पेन्सिल दाखवत होती. मी फडकं घेऊन उठायला पाहिजे होतं. वाडगं वाया गेलं असतं, दुसरं काय झालं असतं? मला वाटलं, एवढं संपवू, मग जाऊ. मी बसूनच हात वर केला.” त्यांनी उजवा हात वर केला, पंजा समोर धरून. “थांब म्हणून. ती हसली. तिनंही हात वर केला. आणि निघाली.”

त्यांनी हात खाली घेतला.

“तिला वाटलं, मी बोलावतोय. पोलिसांनी विचारलं तेव्हा हे माझ्या तोंडातून निघालं नाही. एकाएकी पळत आली म्हणालो. एकाएकी नव्हती आली ती. माझा हात बघून आली. पण तेच गावभर झालं, की पोरगी अवखळ होती. चाळीतल्या बायका तिच्या आईला म्हणायच्या, पोरीला वळण लावलं असतंस तर वाचली असती. मी फडकं घेऊन तिथेच उभा असायचो. ऐकायचो.”

केसरबाई म्हणाल्या, “सोळा वर्षं माझ्या शेजारी झोपलात.”

“हो.”

“मला सुद्धा नाही.”

“कुणालाच नाही.”

श्रद्धाने फोन पालथा घातला. तिच्या मनात होतं, की या तीनशे लोकांना कळायला हवं बेडूक कुणाचा होता. आता तिला काय लिहावं कळेना. केसरबाईंनीच ते ओळखलं. “त्या तीनशे जणांचं नंतर बघू,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आधी रुपालीच्या आई-वडिलांकडे, त्या दोघांकडे जाऊन या. पत्ता माहीत आहे ना तुम्हाला?”

पत्ता माहीत होता. गणराजचं कुटुंब पुढे चाकणजवळ मेदनकरवाडीला राहायला गेलं होतं. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत भीमराज तीन वेळा जाऊन परत आले होते.

पुढच्या शनिवारी धम्मपालला हिंजवडीच्या ऑफिसला सुट्टी होती. त्याने मोटारसायकलवर वडिलांना मागे घेतलं. मोशीचा पूल ओलांडल्यावर धम्मपालने वेग कमी केला. जिथे बेडूक होता तिथून आता रुंद झालेला रस्ता जात होता आणि शेजारी मोबाइलचं दुकान होतं. “थांबू का?” त्याने विचारलं. वडिलांनी मागून पाठीवर थोपटलं, चल म्हणून.

विजयश्री दारात बसून मेथी निवडत होती. एकट्या राहणाऱ्या कामगारांना ती डबे द्यायची. केस पांढरे व्हायला लागले होते. तिने भीमराजांना लगेच ओळखलं, आणि ओळखल्यावर तिचे हात मेथीतच राहिले.

“काका? या की. किती वर्षांनी. बसा.” तिने आत जाऊन पाणी आणलं. “हे पहिल्या शिफ्टला गेलेत, येतीलच साडेतीनपर्यंत. काकू बऱ्या हायेत ना?”

भीमराजांनी पाणी घेतलं नाही. “पोरी, मी तुला एक सांगायला आलोय. ऐकून झाल्यावर पाणी द्यायचं की नाही ते ठरव.”

आणि त्यांनी सांगितलं. हार्डनर, वाडगं, पलीकडे उभी रुपाली, हात. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही. जबाबात काय म्हणालो तेही सांगितलं.

विजयश्री त्यांच्या हाताकडे बघत होती. ती रडली नाही. तिने विचारलं, “हात केला होता तुम्ही?”

“थांब म्हणून केला होता.”

“पण केला होता.”

“हो.”

“मीच तिला सांगितलं होतं.” तिचा आवाज बारीक झाला. “पहिलीत घातलं तेव्हापासून रोज सांगायची. एकटीनं रस्त्यात जायचं नाही. काकांनी हात केला की मगच पाय टाकायचा. लहान लेकराला फडकं कुठं समजतं? म्हनून मी हात म्हणायची. रोज दारातनं वदवून घ्यायची. ‘कधी जायचं?’ ‘काकांनी हात केला की.’”

भीमराजांना हे कधीच माहीत नव्हतं. ते भिंतीला टेकले.

“म्हणजे ती ऐकून निघाली,” विजयश्री म्हणाली. “पळाली नाही. मी सांगितलेलं ऐकून निघाली.” आणि मग मात्र तिचा संताप उसळला. “सोळा वर्षं काका! सोळा वर्षं मी त्या लेकराला मनातल्या मनात रागवत आले. इतकं सांगून का नाही ऐकलंस म्हणून. फोटोपुढं उभी राहून रागवले. लोक म्हणायचे वळण नव्हतं, आणि मला पटायचं ते. तुम्हाला एक दिवस येता आलं नाही? रोज तर त्या रस्त्यावर उभे असायचे तुम्ही! मी तुमच्या समोरनं जायची, तुम्ही मान खाली घालायचे. मला वाटायचं, दुःखानं घालतेत.”

“भ्यालो होतो,” भीमराज म्हणाले.

धम्मपालने उठायची खूण केली. विजयश्रीने ते पाहिलं. “जायचं नाही,” ती म्हणाली. “हे येईपर्यंत बसायचं. मला सांगितलं तसं त्यांना सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, मी मनाचं जोडून सांगतेय.”

मग तासभर तिघं त्या खोलीत बसून राहिले. मेथी निवडून झाली. तिने कणीक मळली. मध्ये एकदा ती म्हणाली, “पाणी प्या,” आणि भीमराज प्यायले.

गणराज पावणेचारला आला. कंपनीचा निळा शर्ट, हातात डब्याची पिशवी. भीमराजांना बघून तो दारातच गोंधळला. विजयश्री म्हणाली, “बसा आधी. काकांना बोलायचंय.” भीमराजांनी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यापेक्षा अवघड गेलं. आता पुढचं येणारं प्रत्येक वाक्य त्यांना आधीच दिसत होतं.

गणराज मान खाली घालून ऐकत होता. झाल्यावर उठला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आला. बायकोकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघत म्हणाला, “मी हिला काय काय बोललोय.”

“तुम्ही एकटे नाही,” विजयश्री म्हणाली.

त्याने खिशातून फोन काढला. भीमराजांना वाटलं, पोलिसांना लावतोय. लावला असता तरी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण गणराजने गावाकडे आईला लावला होता. रुक्मिणीबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. नातीच्या दहाव्याला त्यांनी सगळ्या भावकीसमोर सुनेला विचारलं होतं, की एक पोर सांभाळता येत नव्हती तर पुण्याला गेलीस कशाला. त्यानंतर विजयश्रीच्या हातचं पाणीही त्या घेत नव्हत्या. सोळा वर्षांत ती सासरी चारदा गेली असेल.

“आई, एक जण बोलणार हायेत तुझ्यासंगं. ऐकून घे.” आणि गणराजने फोन भीमराजांच्या हातात दिला.

“कोन हाव तुम्ही?” पलीकडून थकलेला आवाज आला.

“मी भीमराज ओव्हाळ. बेडकाच्या दुकानवाला.”

“आवाज येईना गेलाय. मोठ्यानं बोला.”

तेव्हा भीमराज उभे राहिले आणि मोठ्याने बोलू लागले. म्हातारीला कमी ऐकू येत होतं. प्रत्येक वाक्य दोन-दोनदा सांगावं लागत होतं. “मी हात केला होता! हात! थांब म्हणून! तिला वाटलं, बोलावतोय!” शेजारच्या खोल्यांची दारं उघडली. बायका बाहेर आल्या. जी गोष्ट भीमराजांनी शेजारी झोपणाऱ्या बायकोलाही कुजबुजून सांगितली नव्हती, ती आता अख्खी चाळ ऐकत होती. “तुमच्या सुनेनं तिला बरोबर शिकवलं होतं! पोरगी आईचं ऐकून निघाली! चूक माझी!” त्यांच्या कपाळावर घाम आला होता. धम्मपालला वडिलांच्या हातातून फोन काढून घ्यावासा वाटला. तो उठलाही. पण गणराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मग म्हातारी म्हणाली, “विजूला द्या.”

विजयश्रीने फोन घेतला. “बोला आई,” म्हणाली आणि आतल्या बाजूला स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली. पाठमोरी उभी राहून ती ऐकत होती. सासू काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. विजयश्री फक्त “व्हय” म्हणायची, थांबायची, पुन्हा “व्हय” म्हणायची. तिचे खांदे हलू लागले तेव्हा गणराज उठून तिच्याजवळ गेला.

भीमराज निघाले तेव्हा विजयश्री दारापर्यंत आली. “काका, मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही,” ती म्हणाली. “मला अजून कळंना, माझ्या मनात काय हाय ते.”

“नकोच म्हणू.”

“एक सांगा. ती हसली म्हणालात.”

“हसली. दोन वेण्या होत्या, लाल रिबिनी. पेन्सिल उजव्या हातात होती, म्हणून डावा हात वर केला.”

विजयश्री दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि त्या डाव्या हाताचा विचार करत असावी तशी आपल्याच हाताकडे बघत राहिली.

गणराज दोघांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मोटारसायकल सुरू व्हायच्या आधी तो म्हणाला, “दिवाळीच्या आधी आईला इकडं घेऊन येणाराय. तिला फोनवर निम्मंच ऐकू आलं असंल. समोर बसून सांगाल का पुन्हा?”

“सांगेन,” भीमराज म्हणाले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी ते पुन्हा मेदनकरवाडीला गेले. या खेपेला केसरबाई बरोबर होत्या. रुक्मिणीबाई खाटेवर बसून होत्या आणि विजयश्री त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरत होती.